पालकांच्याच हातात

फोन दीपमाला मॅडमनी टेबलावर ठेवला, पण पुढे सरकवला नाही. आधी चार शब्द बोलायचे आणि मग वस्तू द्यायची, ही त्यांची पद्धत. जप्त केलेला फोन पालकांच्याच हातात द्यायचा, हा शाळेचा नियम.

समोर नववीतल्या अपेक्षाचे आई-वडील बसले होते. पुंजाराम चिकलठाण्याच्या कंपनीतली पाळी बुडवून आले होते. सत्यभामाबाई पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होत्या. शाळेनं बोलावलं की आई-बाप निम्मे गुन्हेगार होऊनच येतात, तसे दोघं खुर्चीच्या कडेला टेकले होते.

"मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलते," मॅडम म्हणाल्या. "काल पकडलं मी."

"आमच्या घरात एकच फोन हाय, ह्यांच्यापाशी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ह्यो कुठला?"

"मैत्रिणीच्या बहिणीचा जुना आहे म्हणते. खरं-खोटं देव जाणे."

"कोन हाय त्यो?" पुंजारामांनी विचारलं.

"नाव सांगत नाही. मीही उघडून पाहिला नाही, तो माझा अधिकार नाही. सारखा वाजत होता, शेवटी बंद करून कपाटात टाकला."

पुंजाराम टेबलाकडे बघत राहिले. रागावले असतील तर चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

काल फोन काढून घेतला तेव्हा अपेक्षानं मॅडमचे पायच धरले होते. "उद्यापर्यंत राहू द्या मॅडम. उद्यानंतर खुशाल घ्या." असं सगळीच मुलं म्हणतात. वीस वर्षांत मॅडमनी हे रडणं इतकं पाहिलं होतं, की त्यांचा हात जराही सैल पडला नाही. मग पोरगी म्हणाली, "तुमाला एक सांगितलं तर घरी सांगनार नाय ना?"

"आई-वडिलांपासून लपवलेलं माझ्या वर्गात काही चालत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्यांना या वाक्याचा अभिमान होता. मग अपेक्षानं बाहीनं डोळे पुसले आणि ती बाकावर जाऊन बसली.

"विज्ञानात वर्गात पहिली असायची," मॅडम आता सांगत होत्या. "या चाचणीत निम्मा पेपर कोरा. डबा उघडत नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"घरीबी जेवत नाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ताट सरकवती. लई समजावलं तिला, आयकतच नाय."

त्या बाईंचा आवाज इतका खोल गेला होता की मॅडमना वाईट वाटलं. पण त्यांना खरी भीती वेगळीच होती. एवढ्याशा फोनपायी पोरीचं दप्तर खुंटीला लागतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक हुशार पोरगी बघता बघता वर्गातून नाहीशी झाली. अपेक्षाला नर्स व्हायचं होतं, आणि ती होण्यासारखी होती. हिला घालवायचं नाही, असं मॅडमनी मनाशी धरलं होतं.

"एक शब्द द्या मला," त्या पुंजारामांना म्हणाल्या. "तिला मारायचं नाही. आणि शाळा बंद करायची नाही."

पुंजारामांनी बायकोकडे पाहिलं. "हात नाय लावनार, मॅडम. पोटची पोर हाय. तिच्या भल्याचंच बघतो आमी."

मॅडमना बरं वाटलं. आरडाओरडा करणारे बाप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा माणूस समजूतदार निघाला.

"चार दिस सुट्टी द्या तिला," पुंजाराम म्हणाले. "गावाकडं घिऊन जातो. मानसांत राह्यली की डोक्यातलं जाईल."

"न्या की. उलट बरंच होईल. जागा बदलली की मुलं निवळतात."

मॅडमनी फोन पुढे केला. पुंजारामांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि हात जोडले. "तुमच्यासारखी मानसं हायेत म्हनून आमच्या पोरी जाग्यावर ऱ्हात्यात."

अपेक्षाला वर्गातून बोलावलं. दप्तर घेऊन ती दारात आली आणि दोघांना पाहून तिथंच थांबली. मग मॅडमकडे तिनं पाहिलं, बराच वेळ. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी बोलले आहे त्यांच्याशी. कुणी रागावणार नाही तुला. आई-बाबांपेक्षा जवळचं कोण असतं आपल्याला?"

"हो मॅडम," अपेक्षा म्हणाली. सत्यभामाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिघं फाटकाबाहेर गेले. रिक्षात पोरीला मधे बसवलं होतं.

मॅडमनी चहा मागवला. मन जड झालं होतं, पण एक पोरगी आपण वाचवली, असं त्यांना वाटत होतं. अर्धा कप झाला असेल, तोच दारात एक तरुणी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, मागे साध्या कपड्यातली महिला पोलीस.

"मी करुणा, बाल संरक्षण कक्षातून आलेय. नववीतली अपेक्षा हवी होती. मधल्या सुट्टीत शाळेतच या, घरी नको, असं तिनं सांगितलं होतं."

"ती आत्ताच गेली," मॅडम म्हणाल्या. "आई-वडील घेऊन गेले. काय झालं?"

करुणा दाराची चौकट धरून उभी राहिली.

"उद्या सकाळी तिचं लग्न लावतायत. आठवडाभर तीच चोरून फोन करत होती आम्हाला. कुठल्या गावात ते कळलं की सांगते म्हणाली होती, पण कालपासून तिचा फोन बंद आहे."