बॉक्समधली उरलेली जागा

नेनिताच्या पत्राला शरदचंद्रांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सप्टेंबरात आलं होतं. एकाच गावात राहून, दर रविवारी त्यांच्याच बेसमेंटमध्ये मैत्रिणींबरोबर जेवायला येऊनही तिनं ते तिकीट लावून पोस्टानं पाठवलं होतं. ती ज्या आजींना सांभाळत होती त्या वारल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर तिची नोकरीही गेली होती. कामाला नवीन घर मिळालं नाही तर तिला फिलिपिन्सला परत जावं लागणार होतं. 'जयंती मॅडमना उचलायला आता दोघी लागतात असं मारिविक म्हणते. तुम्ही मला ठेवून घ्याल का?' एवढंच विचारलं होतं. जयंती मॅडम म्हणजे शरदचंद्रांच्या पत्नी, आणि मारिविक त्यांना सांभाळणारी, नेनिताची मैत्रीण.

शरदचंद्रांनी उत्तर आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. मग शब्द बदलले. विद्यापीठात तीस वर्षं मातीवर व्याख्यानं देताना त्यांना इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. थँक्सगिव्हिंग झालं, कॅनडातल्या त्या रेजिना गावात बर्फ पडलं, ख्रिसमसही गेला.

आज जानेवारीतला रविवार होता आणि बेसमेंटमध्ये नेनिताचा फिलिपिन्सला पाठवायचा बॉक्स भरला जात होता.

कमरेएवढा उंच खोका. वजन कितीही असो, भाडं एकच. म्हणून त्यात बोटभरही जागा रिकामी सोडायची नाही, हा या मैत्रिणींचा नियम. रोवेना बुटांच्या आत मोजे कोंबत होती, मोज्यांच्या आत चॉकलेटं. मारिविक टॉवेलच्या सुरळ्या करून साबणांच्या मध्ये बसवत होती. नेनिता वर जयंतीबाईंना सूप भरवत होती. रविवार मारिविकच्या सुट्टीचा, तेव्हा हे काम नेनिता आपण होऊन करायची.

"मजा बघ, आते," रोवेना म्हणाली. थोरल्या बहिणीला त्या आते म्हणतात, आणि मारिविक त्या तिघींत थोरली. "ती उद्या विमानानं जाणार, बॉक्स बोटीनं. अडीच महिन्यांनी स्वतःच दार उघडेल आणि स्वतःनंच पाठवलेलं सामान बघून रडेल. अगं, कॅनडाहून कुणी पाठवलं म्हणून!"

"हस तू. पुढच्या वर्षी तुझी म्हातारी खोकायला लागली की बघू."

"माझी म्हातारी मला पोचवून मग जाईल. रोज प्रोटीन देते तिला."

दोघी हसल्या. जिन्यावर पाऊल वाजलं तशा गप्प झाल्या.

शरदचंद्र खाली आले. हातात पाकीट होतं. ते खोक्याकडे पाहत राहिले, जणू त्याच्याशीच बोलायचं होतं.

"सर, टेप हवी आहे का?" मारिविकनं इंग्रजीत विचारलं.

"नाही. हे... नेनिताच्या पत्राचं उत्तर."

रोवेनानं हातातला बूट खाली ठेवला.

"हो लिहिलंय की नाही?" मारिविकनं विचारलं.

"हो."

मारिविकनं पुढचा टॉवेल उचलला.

"तिचं कामाचं परमिट शुक्रवारी संपलं, सर."

"माहीत आहे. पण उत्तर द्यायचं राहून गेलं, असं नको... म्हणजे तिला कळायला हवं, की मी वाईट विचार केला नव्हता."

"ती वर आहे. बारा पायऱ्या. जाऊन द्या."

शरदचंद्रांनी पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. "तिनं नंतर वाचलं तर बरं. शांतपणे. घरी गेल्यावर."

मारिविकनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो सगळा त्यांच्यावर नव्हता.

"मी तुम्हाला ऑक्टोबरात एकदा तिच्याबद्दल विचारलं होतं, सर. आठवतं? तुम्ही म्हणालात, विचार करतोय. मी पुन्हा विचारलं नाही."

"मला वाटलं, तूच विसरलीस."

"विसरले नाही. ती माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते. मॅडम तिच्या हातून पूर्ण वाटी संपवतात. तुम्ही दोघींचा पगार किती दिवस दिला असता? एक दिवस एकीलाच ठेवलं असतं." तिनं टॉवेलची घडी उलगडली, पुन्हा घातली. "इथे कायमचं राहायला मिळण्यासाठी कामाचे जेवढे महिने लागतात, ते माझे अजून पुरे व्हायचे होते."

रोवेना आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाली. मारिविकनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं वरचे दोन टॉवेल बाजूला केले. टूथपेस्टचे खोके आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एक चीर उरली होती.

"ठेवा," ती म्हणाली. "एवढी जागा आहे."

शरदचंद्रांनी पाकीट तिथे सरकवलं. ते बरोबर बसलं. मारिविकनं वर टॉवेल दाबले.

जिन्यावर चपला वाजल्या. नेनिता रिकामी वाटी घेऊन खाली आली. "सगळं संपवलं मॅडमनी," ती हसून म्हणाली, मग खोक्याकडे वळली. "अजून बंद नाही केलात? बॉक्सवाल्याची व्हॅन येईल ना!"

"झाकण बसत नाही," रोवेना तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझ्यानं दबत नाही."

"हट, काडी आहेस तू." नेनितानं वाटी ठेवली, उडी मारून खोक्यावर बसली आणि सगळा भार खाली सोडला. झाकण बसलं. मारिविकनं तिच्या मांड्यांच्या बाजूनं टेप ओढली, एकदा, दोनदा.

"शेवटी काय घातलंस गं, आते? मी वरून बघितलं तेव्हा तर जागाच नव्हती."

"कागद," मारिविक म्हणाली. "जरा फट राहिली होती."

बेल वाजली. दोन माणसं येऊन खोका उचलून जिन्यानं वर नेऊ लागली. शरदचंद्र त्यांच्या पुढे लगबगीनं वर गेले आणि बाहेरचं दार उघडून धरून उभे राहिले. उणे तीस अंशांची हवा घरात शिरली. बॉक्स व्हॅनमध्ये चढेपर्यंत ते स्वेटरवरच तिथे कुडकुडत थांबले.

"थँक यू, सर," मागून नेनिता म्हणाली. "तुम्ही खूप केलंत."