थेट कुवेतहून

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर बोलायचं म्हणून सदानंद करंदीकरांनी कोट चढवला आणि कुवेतमधल्या अर्दियाच्या उन्हात, जमियाच्या पार्किंगमध्ये, ते मराठी वृत्तवाहिनीची वाट पाहत उभे राहिले. जमिया म्हणजे सहकारी भांडार. कुवेतमध्ये प्रत्येक वस्तीला एक असतं.

समोर त्यांचाच मोबाइल धरून मुस्तफा उभा होता. कंपनीची गाडी चालवणं हे त्याचं काम. साहेबांना टीव्हीवर दाखवणं हे त्यातच बसवलेलं.

"मुस्तफा, अरबी पाटी येऊ दे मागे. नाहीतर लोकांना वाटेल, वाशीत उभाय."

"येते साहेब." मुस्तफा खुशीत होता. "गावाकडे घरी सांगून ठेवलंय, सगळे टीव्हीसमोर बसलेत. उद्या तौफीक येतोय ना."

तौफीक त्याचा धाकटा भाऊ. मीना अब्दुल्ला भागातल्या एका कंत्राटदाराकडे त्याला फिटरचं काम लागलं होतं. व्हिसाची मुदत परवा संपत होती. उद्याचं विमान चुकलं की व्हिसा गेला आणि कामही गेलं. हे करंदीकरांना ठाऊक होतं. त्याला आणायला विमानतळावर गाडी न्यायची परवानगी त्यांनीच दिली होती.

कानात आवाज आला. "सर, स्टुडिओतून सुचित्रा मॅम तुमच्याकडे येतायत. तयार राहा."

आदल्या रात्री अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने वादचर्चेत म्हटलं होतं, निवडून आलो तर पहिल्याच दिवशी आखाताबद्दल मोठा निर्णय घेईन. कोणता, ते बहुधा त्यालाही अजून ठरवायचं होतं. वाहिनीने मात्र वाट न पाहता सकाळपासूनच पडद्यावर आग लावली होती.

"सदानंदजी, काय वातावरण आहे तिथे? भीती आहे?"

"हे बघा सुचित्रा, प्रचारात असं बोललं जातंच. अमेरिकेचं धोरण काही एका वाक्याने..."

"पण सदानंदजी, तुमच्या मागे तर रांग दिसतेय!"

करंदीकरांनी वळून पाहिलं. रांग होती. भारतातला कांदा अर्ध्या किमतीत आला होता. त्यांचे स्वतःचे कांदे गाडीच्या डिकीत होते.

"लोक साठा करतायत का?"

कांदा म्हटलं असतं तर सुचित्रा आभार मानून दुबईला गेली असती. दुबईत त्यांच्यासारखाच एक जण कोट घालून ताटकळत होता, हे त्यांना माहीत होतं.

"हो," ते म्हणाले. "आपण पाहू शकता. पोती भरभरून नेतायत."

त्यांनी हात केला तसा मुस्तफाने सवयीने मोबाइल रांगेकडे फिरवला आणि परत त्यांच्यावर आणला.

"आणि महाराष्ट्रातून जे तिकडे यायला निघालेत, त्यांना काय सांगाल?"

करंदीकरांनी भुवया जवळ आणल्या. टीव्हीवर गंभीर दिसायला तेवढं पुरतं.

"मी तर म्हणेन, सध्या घरीच थांबा."

मोबाइल जराही हलला नाही. चित्र अगदी स्वच्छ गेलं असणार.

"बरं झालं ना?" लाइन तुटल्यावर करंदीकरांनी विचारलं. मुस्तफाने त्यांचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात त्याच्या खिशातला वाजला.

"अम्मी, नाय गं... अगं कांदे हायत ते! स्वस्त लागलेत... अगं पासपोर्ट दे त्याला. रात्री बस हाय ना त्याची?" मग त्याने फोन पुढे केला. "साहेब, तुम्ही सांगा. माझं ऐकत नाय."

करंदीकरांनी फोन घेतला. "मावशी, नमस्कार. इथे काही झालेलं नाही. कांद्याची ऑफर आहे. तौफीकला निघू दे."

"मग टीव्हीवर तसं का बोललात?"

एरवी करंदीकरांना कुठल्याही प्रश्नावर तीन मुद्दे सुचत. "टीव्हीवर... तसं बोलावं लागतं, मावशी."

"कोण बोलाया लावतो?"

करंदीकरांनी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"नाय साहेब," मुस्तफाची आई खैरुन्निसा त्यांचीच समजूत काढत म्हणाली. "तुमी शिकलेलं मानूस. अख्ख्या मुलखाला खोटं कशाला सांगाल? आता माझा मुस्तफा शेजारी हाय म्हणून असं बोलता, ते काय मला कळत नाय? पासपोर्ट मी कुलपात ठेवलाय. एक पोर हाय तिकडं, तेवढा घोर पुरे." फोन बंद झाला.

करंदीकरांनी तिथल्या तिथे आपल्या मोबाइलवरून वाहिनीला फोन लावला. मुस्तफाला ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

"हे बघा, एक दुरुस्ती करायची आहे. ती रांग कांद्याची होती."

"सर, भारी होतं तुमचं!" पलीकडचा मुलगा म्हणाला. "तेच सारखं दाखवतोय. काय ती दुरुस्ती नऊच्या चर्चेत येऊन करा ना तुम्ही, तुमच्याकडे तेव्हा साडेसहा. खाली पट्टी देतो, 'आखाती घडामोडींचे अभ्यासक.'"

"ज्येष्ठ अभ्यासक देता येईल का?"

वाक्य निघून गेल्यावर ते करंदीकरांना ऐकू आलं. स्पीकर लावलेलाच होता. "देऊ की सर," मुलगा म्हणाला.

करंदीकरांना मान वर करवेना. "साडेसहाला सांगतो मी," ते मुस्तफाच्या बुटांना म्हणाले. "कांद्याचं. आधी तेच सांगतो. नक्की."

मुस्तफाने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि शर्टाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली.

"साहेब," तो म्हणाला, "साडेसहाला इथंच उभं राहायचं, का दुसरीकडं कुठं रांग हाय ते बघून येऊ?"