उत्तरेला धाडलेलं जहाज

तेलाच्या रिगखाली सुरमई खच्चून भरलेली. एकदा जाळं टाकलं की हिराजी तांडेलाचा हंगाम वसूल. आडवं होतं ते नौदलाचं गस्ती जहाज. रिगची राखण त्याची, बुडत्यांना वाचवणंही त्याचंच. हिराजीनं वायरलेसवर रडवेला आवाज काढला, "उत्तरेला बोट बुडतेय, धावा!"

जहाज निघालं. खलाशी पुटपुटला, "दादूस, हे बरं नाय."

"फिरू दे जरा. डिझेल काय तुझ्या बापाचं जळतंय?"

जाळं जड झालं तोच वायरलेस खरखरला. आवाज हिराजीच्या धाकट्या भावाचा होता. दक्षिणेला त्याच्या बोटीत खरंच पाणी शिरलं होतं. जहाजाचं उत्तर आलं, "लांब आहोत, पण येतोय."

हिराजीनं जाळं कापून बोट दामटली. तो पोचला तेव्हा पाण्यावर बर्फाचे खोके तेवढे तरंगत होते.

जाळं हिराजीचं गेलं, डिझेल सरकारचं जळलं. बाकी सगळं भावजयीनं भरलं.