एक घमेलं सिमेंट

रामचंद्र गवंड्यानं पहिलं घमेलं सिमेंट कालवायला घेतलं, तेव्हा सुलक्षणा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. कडेवरची चौदा महिन्यांची जया सारखी खाली झेपावत होती. सुलक्षणानं तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. खाली माती होती.

दारापासून दोन फूट खाली मातीची एक पट्टी, तिन्ही बाजूंनी भिंत. खाजणात भराव घालून अंधेरीत ही बिल्डिंग उभी केलेली, त्यामुळं तिथलं पाणी हलायचंच नाही. संपानंतर गिरणी सुटली आणि घरी बसलेल्या भाऊंनी, तिच्या सासऱ्यांनी, त्यावर गावाकडचा उपाय केला होता. मोरीचं पाणी सरळ मातीत सोडलं, तिथं केळ आणि अळू लावलं, बुंध्याशी नारळाची सोडणं पुरली. झाडं पाणी पितात, डबकं राहत नाही. कोकणात घरोघरी असंच.

इथं मात्र केळ पिवळी पडली, अळू करपलं आणि डबकं राहिलं. डबक्यावर डास. शेवटी सुलक्षणानंच सोसायटीला अर्ज दिला होता : लहान मुलीच्या जिवाला धोका आहे, तरी मागील जागेत कोबा करून मिळावा.

"आज कोबा झाला की तुमची काळजी मिटली, वहिनी," शेजारी उभे असलेले सेक्रेटरी शेटे म्हणाले. "परमिटचं सिमेंट आहे. महिनाभर खेपा घातल्यात."

भाऊ खाली केळीपाशी उकिडवे बसले होते. वाळलेली पानं एकेक करून काढत होते. केळ तासाभरात सिमेंटखाली जाणार, हे माहीत असूनही नीट काढत होते.

रामचंद्रनं फावडं मारलं आणि थांबला. मूठभर माती उचलून नाकाशी नेली.

"भाऊनु, हिका फिनेलचो वास येता."

भाऊंनी वर पाहिलं नाही. "जमीनच तशी आसा. तू तुजा काम कर."

रोज दुपारी भाऊ जरा आडवे झाले की सुलक्षणा मोरीत फिनेल ओतायची. आधी एक झाकण. डास वाढले म्हणून चार झाकणं. आणखी वाढले म्हणून अर्धी बाटली. मोरीतलं पाणी कुठं जातं, ते तिला रोज दिसत होतं. बॉटनीत तिला फर्स्ट क्लास होता.

पातळाचा घोळ वर धरून, जयासकट, तिनं दोन फूट खाली पाय टाकला. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले.

"थांबा. फिनेल मी ओतते. झाडं मी मारली. शेटेसाहेब, माझा अर्ज परत द्या."

"अहो वहिनी, अर्ज काय परत देता येतो? आणि डास?"

"झाडं जगली तर पाणी पितील. बंद करते मी फिनेल, आजपासून. महिन्यानं डबकं दिसलं तर मी स्वतः घमेलं उचलीन."

"आणि हे कालवलेलं? हे काय आता डोक्यावर थापू?"

"तुमच्या डोक्यार काय टिकाचा नाय, साहेब," रामचंद्र म्हणाला. शेट्यांना टक्कल होतं. भाऊ खाली मान घालून हसले. संपानंतर सुलक्षणानं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

शेटेही मग हसले, जरा उशिरानं.

माल वाया घालवायचा नव्हता. रामचंद्रनं तुटक्या विटा जमवल्या आणि दाराखाली एक पायरी बांधून काढली. थापीनं गुळगुळीत केली आणि लांब टांग टाकून दारात चढला.

"तासभर कोणी पाय ठेवचो नाय. मगे मी फळी टाकतंय. चाय पिऊन येतंय."

तेव्हा सुलक्षणाच्या लक्षात आलं. वर जायला दुसरी वाट नव्हती. भाऊंचा गुडघा धरलेला, तिच्या कडेवर पोर. तिघं खाली अडकले होते.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"वास काय लपता?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोराच्या काळजीन करी होतंस. कसा सांगू?"

सुलक्षणाचा हात भरून आला होता. तिनं जयाला दुसऱ्या कडेवर घेतलं, मग परत पहिल्या. मग श्वास रोखून खाली ठेवलं.

जया चिखलात फतकल मारून बसली. दोन्ही तळवे मातीवर आपटले. फट्ट! तोंडावर शिंतोडे उडाले, तशी खिदळून तिनं पुन्हा आपटले. सुलक्षणा पदर घेऊन पुढं झाली आणि अर्ध्यावर थांबली.

"ह्या बघ," भाऊ म्हणाले. वरची माती बोटांनी बाजूला करत त्यांनी बुंध्याशी खोल उकरलं होतं. सोडणाआडून बोटभर कोंब वर येत होता, कोवळा, पोपटी. सुलक्षणा त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. तिनं कोंबाला हात लावला नाही. भोवतीची काळी माती मात्र ओंजळीनं उपसायला लागली. तिच्या बांगड्या चिखलानं भरल्या. जया रांगत आली आणि उपसलेली माती पुन्हा खड्ड्यात टाकू लागली. भाऊ पुन्हा उपसू लागले. तिघांचं असं चाललं.

रामचंद्र परतला, फळी टाकली, थापी धुतली आणि गेला.

"वहिनी, फळी टाकलीय हो," शेट्यांनी दारातून आवाज दिला.

"आलेच," सुलक्षणा मान वर न करता म्हणाली.

फळीवरून सगळ्यात आधी गेली ती बिल्डिंगची मांजर. ती घरात जाऊन दूध पिऊन आली, तरी खालचं कुणी हललं नव्हतं.