पहिला स्क्रॅच

धीरजने नवी मोटरसायकल घेतली आणि स्क्रॅच पडेल म्हणून गोधडीने झाकून अंगणात उभी केली. मळ्यातली वांगी आधीसारखीच ऑटोने वाशीमला जात राहिली.

"गाडी घरी अन् वांगे ऑटोत. काहून रे?" आजीने, तुळसाबाईने, विचारलं.

"एक स्क्रॅच पडला का गाडी जुनी होते, आजी."

"रेघेले भेऊन राह्यला तू?"

तुळसाबाईने गोधडी काढली आणि खुरप्याने टाकीवर वीतभर रेघ ओढली.

"घे, पडला. आता चाल बजारात."

धीरजने थुंकी लावून रेघ पुसून पाहिली. मग आजी आणि वांग्यांचं पोतं मागे घेऊन सुसाट निघाला.

आता त्यांच्या रिठद गावात नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला की मालक डोळे मिटतो आणि तुळसाबाई मानाचा पहिला स्क्रॅच मारते. परवा ट्रॅक्टरवाल्यांनी तिला न्यायला बँड पाठवला.