रिकाम्या पोटाची गोळी

"कुणाला पटायचं नाही, डॉक्टरीणबाई, पण थायरॉइडची गोळी घेतल्यावर मी तासभर कॉफीकडे बघतसुद्धा नाही. मळ्यातून वास आलाच, तर नाकाला रुमाल बांधतो!" कोलंबियाच्या डोंगरात जन्मभर कॉफी पिकवलेल्या फिदेलिनोआजोबांनी छाती ठोकून सांगितलं.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून चक्रावल्या. कॉफीनं गोळी वाया जाते हे खरं, पण हा सज्जन माणूस तर तासभर कॉफीला शिवतही नाही. तरी थायरॉइड आपला ढिम्म! "मग उद्यापासून दोन गोळ्या घ्या," त्या म्हणाल्या.

आजोबांचा चेहरा नवरदेवासारखा खुलला.

शेजारी बसलेल्या ओबदुलियाआजी मात्र ताडकन उठल्या.



"धादांत खोटं! बाई, गोळ्या वाढवू नका हो. एक गिळायलाच ह्यांना दोन पेले कॉफी लागते!"