माव्याची माया

केरवान शहरातल्या घराच्या परसातला फाव्याच्या, म्हणजे मोठ्या घेवड्याच्या, शेंगांचा वाफा मबरूकाने एकटीने राखला होता. शेंड्यांवर मावा बसला, झाडं सुकू लागली. मुंग्या मात्र माव्याची पाठ थोपटायच्या, त्याने सोडलेला गोड थेंब चाटायच्या, दुसरा किडा फिरकला की चावून हाकलायच्या.

"फवारू नकोस गं," सासू म्हणाली. "मुंगी अल्लाचं नाव घेते. बघ, किती माया त्या इवल्या जिवावर."

"बघतेय उम्मी, सात वर्षं. रस मात्र झाडाचा जातो."

ओसरीवर लोळत पडलेला नवरा ओरडला, "चहा कुठाय? उम्मी, सांग हिला."

"आणते हं राजा." सासू लगबगीने उठली.

मबरूकाने माव्याचे शेंडे खुडले. मग नवऱ्याची गादी गुंडाळून सासूच्या खोलीत नेऊन टाकली.

"मुंगीला हात लावला नाही उम्मी. तिचं तिला दिलं."